ज्याची त्याची आच : बटाटा, बेकन आणि ब्रोकोलीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बटाटे, बेकन आणि ब्रोकोली एकाच ट्रेमध्ये घालून 200 अंशांवर 45 मिनिटं भाजते. दर वेळी बेकन करपतं, ब्रोकोलीचे तुरे काळे पडतात आणि बटाटे मात्र फिकट, मऊ आणि ट्रेला चिकटलेले. तापमान कमी करू की वाढवू?

उत्तर : तापमान थोडं वाढवा, पण खरी अडचण वेळेची आहे. या तिघांना एकाच वेळी ओव्हनमध्ये घातलं की कुणाचंच धड होत नाही. बटाट्याला पाऊण तास लागतो, ब्रोकोलीला जेमतेम 12 ते 15 मिनिटं. बेकनला मंद आच हवी, म्हणजे चरबी सावकाश सुटते. शिवाय बेकन आणि ब्रोकोलीतून निघणारी वाफ बटाट्यांना लागते, आणि वाफेत बटाटा उकडतो, भाजला जात नाही.

चार जणांसाठी 1 किलो बटाटे, 150 ग्रॅम बेकन आणि 300 ग्रॅम ब्रोकोली घ्या. बटाटे पिठूळ जातीचे हवेत, म्हणजे उकडल्यावर भुसभुशीत होणारे. सोलून 4 सेंटिमीटरच्या फोडी करा. 2 लिटर गार पाण्यात फोडी, 20 ग्रॅम मीठ आणि अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून गॅसवर ठेवा. सोड्यामुळे बटाट्याच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळतं आणि फोडींच्या कडा झिजतात. आपल्याला तेच हवंय. उकळी आल्यावर 8 ते 10 मिनिटांनी सुरीचं टोक कडेला सहज शिरलं पाहिजे, गाभ्याशी जरा अडलं पाहिजे. मग चाळणीत निथळा आणि 3 मिनिटं तशाच राहू द्या. फोडींचा ओला चकाकीपणा जाऊन त्या पांढरट, कोरड्या दिसू लागतात, तोवर थांबाच. ही 3 मिनिटं वाचवायला गेलात तर कुरकुरीतपणा हातचा गेला.

बेकन गार तव्यात टाका. तवा आधी तापवला की मांस आखडतं आणि चरबी आतच अडकते. 1 सेंटिमीटरच्या पट्ट्या, वर दोन मोठे चमचे पाणी, आच मध्यमहून कमी. पाणी उडेपर्यंत चरबी वितळायला लागलेली असते, त्यामुळे काहीच चिकटत नाही. 10 ते 12 मिनिटांत तुकडे लालसर होतात. अगदी कडक होण्याआधीच झाऱ्याने कागदावर काढा, गार होताना ते आणखी कुरकुरीत होतात. उरलेली चरबी गाळून घ्या, कारण तळाशी राहिलेले बारीक कण ओव्हनमध्ये जळून कडवट होतात. चरबी भरेल तेवढी, कमी पडली तर तेल घालून एकूण तीन मोठे चमचे करा.

आता फोडी पातेल्यात घालून त्यावर ही चरबी ओता, झाकण लावून चार-पाच वेळा जोरात हलवा. झाकण उघडल्यावर प्रत्येक फोडीवर कुस्करलेल्या बटाट्याचा जाडसर लेप बसलेला दिसेल. तोच भाजून कुरकुरीत पापुद्रा होतो. ट्रे ओव्हनसोबतच 220 अंशांवर तापवलेला असावा. फोडी एकमेकींना न लागता पसरा आणि 25 मिनिटं अजिबात हलवू नका, लवकर उलटल्या तर लेप ट्रेलाच राहतो. मग उलटून आणखी 10 मिनिटं. त्यानंतर कोरडे केलेले ब्रोकोलीचे तुरे एक चमचा तेल चोळून मधल्या जागांत ठेवा आणि 12 ते 15 मिनिटं भाजा. दाटी होत असेल तर दुसरा ट्रे घ्या, अगदी नक्की घ्या. बेकन ट्रे बाहेर काढल्यावर वरून घाला. मीठ त्यानंतरच चाखून, कारण बेकन स्वतःच खारट असतं.

प्रश्न : बेकन आणि ब्रोकोली घालून मॅश केला तर तो गोंदासारखा ताणतो. वेळ वाचावा म्हणून मी मिक्सर वापरतो.

उत्तर : मिक्सरच कारण आहे. पाती बटाट्याच्या पेशी फोडतात, आतला स्टार्च मोकळा होतो आणि पाण्यात मिसळून त्याची खळ बनते. एकदा खळ झाली की दूध, लोणी कशानेही ती सुटत नाही. हाताचा मॅशर वापरा किंवा गरम बटाटे चाळणीतून दाबून काढा. 1 किलोला 80 ग्रॅम लोणी आधी मिसळा, मग 150 मिलिलिटर गरम दूध थोडं थोडं. लोण्याचा लेप स्टार्चवर बसला की तो कमी पाणी ओढतो. ब्रोकोली वेगळी उकळून, निथळून, सुरीने बारीक चिरून शेवटी हलक्या हाताने घाला, बेकन वाढताना. चिकट झालेला मॅश फेकू नका. लोणी लावलेल्या भांड्यात पातळ पसरून वर चीज घाला आणि 200 अंशांवर सोनेरी होईपर्यंत भाजा.

प्रश्न : बटाट्याच्या चकत्या, क्रीम, बेकन आणि ब्रोकोली थर लावून भाजली. वर चीज लाल झालं, पण खाली पाणी सुटलं, दूध फुटल्यासारखं दिसलं आणि चकत्या कच्चट राहिल्या.

उत्तर : यात तीन वेगवेगळ्या चुका एकत्र आल्यात. पाणी ब्रोकोलीचं आहे. तुरा म्हणजे स्पंजच, धुतलेलं पाणी तो धरून ठेवतो. तुरे उकळत्या पाण्यात 1 मिनिट घालून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, मग देठ वर आणि तुरा खाली असे फडक्यावर 10 मिनिटं उलटे ठेवा. फडकं भिजलेलं पाहिलं की पाणी कुठून येत होतं ते कळेल.

दूध फुटलं ते कमी स्निग्धांशामुळे आणि जास्त आचेमुळे. साय काढलेल्या दुधातली प्रथिनं उष्णतेने आणि बेकनच्या मिठाने लवकर गुठळतात. 1 किलो बटाट्यांना 400 मिलिलिटर क्रीम आणि 200 मिलिलिटर पूर्ण साईचं दूध घ्या.

चकत्या कच्च्या राहतात त्या जाडीमुळे. 3 मिलिमीटर, त्याहून जाड नको, आणि कापल्यावर धुवू नका. त्यांच्यावरचा स्टार्चच रस दाट करणार आहे. क्रीम, दूध, ठेचलेल्या लसणाची एक पाकळी आणि अर्धा छोटा चमचा मीठ एकत्र करून चकत्या त्यातच मंद आचेवर 6 ते 8 मिनिटं शिजवा, हळूच ढवळत. रस चमच्याच्या पाठीवर थर धरू लागला की अर्ध्या चकत्या भांड्यात, वर ब्रोकोली आणि परतलेलं बेकन, मग उरलेल्या चकत्या. झाकून 170 अंशांवर 30 मिनिटं, झाकण काढून 100 ग्रॅम किसलेलं चीज घाला आणि आणखी 15 ते 20 मिनिटं. सुरी तळापर्यंत विनासायास गेली पाहिजे. बाहेर काढल्यावर 15 मिनिटं हात लावू नका, तेवढ्यात रस आळतो. चीज स्वतः किसा. तयार किसाला एकमेकांना चिकटू नये म्हणून लावलेल्या पिठामुळे तो नीट एकजीव वितळत नाही.

प्रश्न : ब्रोकोलीचा देठ टाकूनच द्यायचा का?

उत्तर : मुळीच नाही. बाहेरची धागेदार साल जाडसर सोला, आतला फिकट हिरवा गाभा गोडसर असतो. 1 सेंटिमीटरचे तुकडे करून तुऱ्यांच्या 2 मिनिटं आधी शिजायला घाला.

प्रश्न : अख्खे बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून भाजते आणि आत सारण भरते. साल चिवट होते.

उत्तर : फॉइल काढा. आत कोंडलेल्या वाफेने साल भिजते. बटाटा धुवून, पुसून, काट्याने चार-पाच ठिकाणी टोचून, तेल-मीठ लावून जाळीवर 200 अंशांवर तासभर ठेवा. अडीचशे ग्रॅमच्या बटाट्याला एवढा वेळ पुरतो. आतलं तापमान 96 ते 99 अंश झालं की गर मोकळा होतो. लगेच कापा, नाहीतर वाफेने तो ओलसर गच्च होतो. गर काढताना सालीला पाऊण सेंटिमीटर थर ठेवा, म्हणजे वाटी फाटत नाही. रिकाम्या वाट्यांना आतून बेकनची चरबी लावून 10 मिनिटं परत भाजा आणि मगच भरा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सारण भरलेल्या वाट्या त्यामुळेच मऊ पडतात.

आणि एक काळजीची गोष्ट : फॉइलमध्ये गुंडाळलेला भाजका बटाटा तासन् तास बाहेर ठेवू नका. आत हवा नसते, ओलावा असतो, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूंना नेमकं हेच लागतं. फॉइल सोडून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. कच्चे बटाटे मात्र फ्रीजबाहेरच, अंधाऱ्या हवेशीर जागी ठेवा. थंडीत त्यांच्या स्टार्चची साखर होते आणि भाजताना ते आतून शिजण्याआधीच काळवंडतात.

प्रश्न : हेच जिन्नस घालून गार सॅलड करायचं आहे, आदल्या दिवशी. चालेल?

उत्तर : चालेल, पण सगळं एकदम कालवू नका. इथे मेणचट जातीचे, न फुटणारे बटाटे घ्या. फोडी गरम असतानाच 1 किलोला दोन मोठे चमचे व्हिनेगर शिंपडा, गरम बटाटा चव आत ओढून घेतो. गार झाल्यावर ड्रेसिंग. ब्रोकोली वेगळ्या डब्यात ठेवा, कारण आंबटात रात्रभर राहिली तर तिचा हिरवा रंग मातकट होतो. बेकन पूर्ण कुरकुरीत करून चरबी टिपून घ्या, नाहीतर फ्रीजमध्ये ती पांढरी गोठून जिभेला मेणासारखी लागते. वाढायच्या 10 मिनिटं आधी ब्रोकोली मिसळा, बेकन अगदी शेवटी.