जो स्टॅफर्ड या जुन्या अमेरिकन गायिकेचा 'स्की ट्रेल्स' (१९५६) हा अल्बम विकत घेण्यासारखा आहे का? मला तिचं गाणं भावनाशून्य वाटतं.

"भावनाशून्य" वाचलं आणि वाटलं, माझे साडूच खोटं नाव घेऊन प्रश्न विचारताहेत. तुम्ही ते नसाल तर पुढचं मनावर घेऊ नका.

मी न्यू जर्सीत राहतो. ही रेकॉर्ड मला जुन्या सामानाच्या दुकानात एका डॉलरला मिळाली. कव्हरच्या कोपऱ्याला पाण्याचा डाग, दुसऱ्या बाजूला एक चरा, त्यामुळे दर फेरीला टक्, टक्. एका जानेवारीत साडू आणि मेहुणी आमच्याकडे बर्फात अडकले. मी दोन तास फावड्याने बर्फ उपसून आत आलो, बोटं सुन्न, गॅसवर पिठलं रटरटतंय. म्हटलं, आज हीच लावायची. दोन गाणी झाली आणि साडू म्हणाले, "अहो, ही गातेय की बातम्या वाचतेय?"

साडू मंडळाच्या गणपतीत भावगीतं म्हणतात. "सखे" आलं की डोळे मिटतात आणि आवाज असा थरथरवतात की पहिल्या रांगेतल्या काकूंना काळजी वाटावी. त्यांच्या लेखी भाव म्हणजे ती थरथर.

जो स्टॅफर्ड तसलं काही करत नाही. खालून घसरत सुरावर येत नाही, थेट सुरावर पाय ठेवते, आणि मग तिथून हलत नाही. या अल्बममधलं 'मूनलाइट इन व्हरमाँट' घ्या. त्या गाण्यात यमकच नाही. ओळीच्या शेवटी टेकायला काही मिळत नाही, एकेक चित्र येतं आणि जातं. तिथे गायिकेने हुंदका काढला तर सगळं कोसळेल. ती प्रत्येक ओळ सरळ, लांब श्वासात सोडून देते आणि ऐकणाऱ्याला त्यात शिरायला जागा ठेवते. हिराबाई बडोदेकरांचं शांत, सुरेल गाणं ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. (साडूंच्या घरी हिराबाईंच्या रेकॉर्डी होत्या. मी पाहिल्यात.)

आणि बाई बर्फातली नव्हे. जन्म १९१७ चा, कॅलिफोर्नियातल्या कोलिंगाजवळचा, म्हणजे तेलविहिरींच्या रखरखीत मुलखातला. या अल्बमवर 'लेट इट स्नो' आहे, ते तर १९४५ च्या जुलैत हॉलिवूडच्या उकाड्यात लिहिलेलं. म्हणजे हा हिवाळा मुळात कल्पनेतलाच. माझाही इथे येईपर्यंत तसाच होता, म्हणून असेल कदाचित, पण मला तो खोटा वाटत नाही.

आता साडूंवर मी बदला कसा घेतला ते. स्टॅफर्ड आणि तिचा नवरा पॉल वेस्टन ('स्की ट्रेल्स'चा वाद्यवृंद त्याचाच) 'जोनाथन आणि डार्लिन एडवर्ड्स' या नावाने मुद्दाम बेसूर रेकॉर्डी काढायचे. डार्लिन प्रत्येक सूर केसभर चुकवते. इतकं मोजून चुकायला सूर किती पक्का लागतो, याचा विचार करा. त्या थट्टेला १९६१ मध्ये विनोदी गाण्याचं ग्रॅमी मिळालं. जिच्या 'यू बिलाँग टू मी'मुळे ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्यांदा एक बाई एक नंबरवर गेली, तिला ग्रॅमी मिळालं ते बेसूर गाण्याबद्दल!

पुढच्या दिवाळीत फराळानंतर मी काही न सांगता डार्लिन लावली. साडू मान डोलवत म्हणाले, "हां, ही बघा. हिच्यात निदान जीव आहे." मी कव्हर दाखवलं, मग खरं नाव सांगितलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पुरे आता दोघं."

तुमचा प्रश्न राहिलाच. घ्या. १९५६ ची प्रत मोनोच (डाव्या-उजव्या स्पीकरला एकच आवाज) असणार, स्टिरिओ एलपी १९५८ पासून बाजारात आल्या. त्यामुळे "अस्सल स्टिरिओ" सांगून कोणी जास्त पैसे मागत असेल तर पुढे चला. नाताळचा अल्बम समजून घेऊ नका, हा निव्वळ हिवाळ्याचा आहे, फेब्रुवारीतही चालतो. आणि हो, तिच्यामागे गाणारा नॉर्मन लुबॉफचा कोरस मला काही ठिकाणी जड होतो, श्रीखंडावर साखर पेरल्यासारखा. तुम्हाला ती थंड वाटली त्यात थोडा दोष त्या कोरसचाही असेल. म्हणून आधी एकदा फुकट ऐका, रात्री, दिवा बारीक करून, आणि मग ठरवा.

साडू अजून म्हणतात की त्यांनी आवाज ओळखला होता, माझी गंमत करत होते. त्या दिवशी त्यांचे दोन पेग झाले होते हे मान्य. पण ओळखला होता तर मी कव्हर दाखवल्यावर "हे डार्लिनचं नाव मला व्हॉट्सॲप करा" असं कशाला म्हणाले?