आजार आला कुठल्या रस्त्यानं? मुलांना साथीचे रोग समजावताना

नागपुरात तान्हा पोळा झाला, मारबत (रोगराई घेऊन जावी म्हणून मिरवतात तो पुतळा) निघाली, आणि ‘खोकला-खासी, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असं पोरं ओरडली की दोन-तीन दिवसांत मला हमखास हाच प्रश्न येतो: मॅडम, रोगराई येते कुठून हे मुलांना सांगायचं कसं? मी बालरोगतज्ज्ञ, शाळांमधेही जाऊन बोलते, आणि माझं एकच म्हणणं असतं, की मुलाला आजाराचं नाव नंतर सांगा, आधी त्याचा रस्ता सांगा. हवेतून, हातातून, पाण्यातून की डासातून. रस्ता कळला की तो कुठे अडवायचा हे मूल स्वतःच सांगतं.

मुलगी पाच वर्षांची आहे. हात धुवावे म्हणून ‘जंतू पोट खातील’ असं सांगितलं तर आता ती रडते, दहादा हात धुते. काय चुकलं? (मानेवाड्याहून एक आई)

ताई, मनाला लावून घेऊ नका, आपल्या सगळ्यांच्या आयांनी हेच सांगितलंय. पण भीतीनं मूल एकतर घाबरून बसतं नाहीतर दोन महिन्यांनी पोट काही खाल्लं गेलं नाही हे बघून तुमच्यावरचा विश्वास सोडतं. तिला आधी हे सांगा की बरेचसे जंतू आपले काही वाईट करत नाहीत, दह्यातले तर आपणच विरजण लावून वाढवतो. त्रास देणारे थोडेच, आणि त्यांना आत यायला तोंड, नाक, डोळे किंवा एखादी जखम लागते. म्हणून हात कधी धुवायचे तर जेवायच्या आधी, शी-शूनंतर, बाहेरून आल्यावर आणि शिंकून झाल्यावर. बाकी वेळ खुशाल मातीत खेळू दे. आणि हे सगळं सांगूनही दहादा धुणं थांबलं नाही तर एकदा डॉक्टरांना दाखवा.

दाखवायचंच असेल तर हळद घ्या. चमचाभर गोडेतेलात चिमूटभर हळद कालवून तिच्या दोन्ही हातांना चोळा आणि पाच मिनिटं घरात फिरू द्या. मी हे तिसरीच्या वर्गात केलं तेव्हा कंपासपेटी, पाण्याची बाटली, बाकाची कड, शेजारच्या मुलीच्या वेणीची रिबीन, सगळीकडे पिवळं! मग नुसत्या पाण्यानं धुवायला सांगितलं तर तेल जाईना. साबणानं धुतल्यावर एक पोरगा हात पुढे करून म्हणाला, ‘मी तर धुतले नं मॅडम’, आणि त्याच्या अंगठ्याची मागची बाजू अन् नखांच्या कडा तशाच पिवळ्याजर्द. त्यानं स्वतःच बघितलं, काही न बोलता परत नळाशी गेला. तेवढ्या एका नजरेत जे शिकून झालं ते मला अर्धा तास बोलून जमलं नसतं. मोठ्या मुलांना पुढचंही सांगता येतं, की फ्लू आणि कोरोनाच्या विषाणूचं बाहेरचं कवच स्निग्ध असतं, ते साबणानं फुटतं. जुलाबाचे काही विषाणू बिनकवचाचे, ते चोळून आणि वाहत्या पाण्यानंच जातात, म्हणून वीस सेकंद तरी चोळायचं.

ते मिरपुडीचं प्रात्यक्षिक मात्र मला पटत नाही, ज्यात बोटाला साबण लावून पाण्यात घातलं की मिरपूड पळते. ती पाण्याच्या पृष्ठताणामुळे पळते, पण मुलं समजतात साबण दिसला की जंतू पळतात, आणि एक बोट साबणाला लावून मोकळी होतात. मी बघितलंय तसं करताना.

डोळे आलेल्या मुलाच्या डोळ्यात बघितलं की आपलेही येतात असं माझ्या मुलाला वर्गात सगळे सांगतात. खरं का? (सक्करदरा)

अजिबात नाही. नजरेतून काहीच जात नाही. साथीत डोळे येतात ते बहुतेक विषाणूमुळे, आणि रस्ता असतो हाताचा: डोळा चोळला, तोच हात बाकाला, पेनाला, दुसऱ्यानं तिथे हात लावून स्वतःचा डोळा चोळला. टॉवेल, उशी, काजळाची डबी हेही रस्तेच. काळ्या चष्म्यानं उजेडाचा त्रास कमी होतो, पण हात आणि टॉवेल तसेच राहिले तर साथ थांबत नाही. मुलाला सांगा, मित्राकडे बघ, बोल, चिडवू नको, फक्त रुमाल वेगळा आणि डोळ्याला हात नाही. अन् मेडिकलमधून मनानं ड्रॉप आणू नका, काही ड्रॉपमधे स्टिरॉइड असतं.

सासऱ्यांना टीबी निघालाय. त्यांचं ताट-पेला वेगळा केला तर आठ वर्षांचा नातू विचारतो, आजोबा वाईट आहेत का? (जरीपटक्याहून एक सूनबाई)

हा प्रश्न वाचून मला खूप वाईट वाटलं, आणि पोराचं कौतुकही. ताट एकत्र ठेवा. टीबी ताटातून, पेल्यातून, मिठी मारून पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा बारीक कण हवेत जातात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात, म्हणजे रस्ता हवेचा. तेव्हा खिडक्या उघडा, ऊन येऊ द्या, खोकताना आजोबांनी तोंडावर रुमाल किंवा मास्क धरावा, आणि सुरुवातीचे दिवस नातवानं त्यांच्या खोलीत झोपू नये. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत पसरण्याचा धोका बराच उतरतो, पण कोर्स पूर्णच करायचा, साधा टीबी असेल तर सहा महिने. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं.

एक गोष्ट लोक विसरतात: घरातल्या मुलांची तपासणी. खोकला नसला तरी नातवाला दाखवा, गरज असेल तर प्रतिबंधक औषध सुरू होतं. आणि त्याला सांगा, आजोबा वाईट नाहीत, त्यांच्या छातीत जंतू आहेत आणि गोळ्या त्यांना मारतायत. रोज गोळी घेतली की कॅलेंडरवर फुली मारायचं काम त्यालाच द्या.

बॅगेत सॅनिटायझर द्यावं का? (प्रतापनगर)

साबण-पाणी असेल तर नको. मळलेल्या हातावर ते नीट चालत नाही, जुलाबाच्या काही विषाणूंवर तर फारच कमी, आणि लहान मुलं चाटतात.

दरवर्षी आमच्या गल्लीत डेंग्यू. मुलांना यात काय करता येईल? (नंदनवन)

भाऊ, डेंग्यूमधे तर मुलंच खरी कामाची! आपल्या नागपुरात घरोघरी कूलर, आणि एडिस डासाला असंच घरातलं साठलेलं पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात म्हणून टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करायची. मुलाच्या हातात टॉर्च द्या आणि पाण्यात बघायला सांगा, सुताच्या तुकड्यासारखं काही वळवळत वर येऊन लटकतं का. एकदा अळी बघितली की पुढच्या रविवारी तोच आठवण करतो. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टायर, हे त्याला शोधू द्या. हा डास दिवसा चावतो, तेव्हा शाळेत फुल बाह्यांचा शर्ट. घरात कुणाला डेंग्यू झाला तर त्यालाही दिवसा मच्छरदाणीत ठेवा, कारण त्याला चावलेला डासच पुढे दुसऱ्यांना आजार देतो.

आणि आता कूलर बंद करून झाकून ठेवणार असाल तर नुसतं पाणी काढून भागणार नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि उन्हाळ्यात तुम्ही पाणी भरलं की फुटतात. खरखरीत ब्रशनं कडा घासून घ्या, खसची जुनी ताटी काढून टाका, आणि मगच कव्हर घाला.