"सुरू कधी करणार?"

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काळ खरोखर असतो की तो मनाचा खेळ? जाणीवच नसेल तर काळ उरतो का? आणि हे सगळं इतकं अधांतरी असेल तर माणसाच्या जन्माला काही उच्च उद्देश असतो का? खाली तुम्ही हेही लिहिलंय की वय ३१, नोकरी हिंजवडीत, जाण्यायेण्यात रोज तीन तास जातात आणि हे विचार बसमध्येच येतात.

मी तत्त्वज्ञानाची अभ्यासक नाही. पुण्यात अठ्ठावीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. रोज सकाळी चार-पाच माणसांची जाणीव काढून घ्यायची आणि काम झालं की ज्याची त्याला परत करायची, हा माझा व्यवसाय. त्यामुळे तुमच्या मधल्या प्रश्नाबद्दल तरी मला चार गोष्टी सांगता येतील.

काही वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एक सर आले होते. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. आदल्या दिवशी मी त्यांना नेहमीचं विचारत होते, कुठला दात हलतो का, जिना चढताना दम लागतो का. आणि ते मला विचारत होते की भूल म्हणजे सुषुप्तीच ना? मी म्हटलं, झोपच समजा. आम्ही सगळ्यांना तसंच सांगतो. तर म्हणाले, "मग चिंता नाही. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, छान झोपलो, काही कळलं नाही. काही कळलं नाही हे ज्याला कळलं, तो तिथे होताच की!" अद्वैत वेदान्तातला हा जुना युक्तिवाद आहे. झोपेतही साक्षी, म्हणजे आतला नुसता बघणारा, जागा असतो, हे दाखवायला तो देतात.

दुसऱ्या दिवशी टेबलावर घेतल्यावर मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं? (पुण्यात या विषयावर कोणीही बोलतं, रक्तदाब वाढलेला माणूससुद्धा.) ते सांगायला लागले, मी शिरेतून प्रोपोफॉल सोडलं. दुधासारखं पांढरं औषध असतं ते. "सकाळी साडेपाचला येतं, पण वरच्या मजल्यावर..." एवढं झालं आणि वाक्य तिथेच राहिलं. अर्ध्याएक मिनिटाचा मामला असतो.

एक तास पन्नास मिनिटांनी रिकव्हरीत त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "सुरू कधी करणार?"

हा प्रश्न मी हजारो वेळा ऐकलाय. भाषा वेगवेगळी, प्रश्न एकच. मी म्हटलं, "झालं सर." त्यांनी पोटावरची पट्टी चाचपली आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "छान झोपलो वगैरे काही नाही हो, डॉक्टरबाई. वर दिवा होता, मग एकदम तुमचा चेहरा. मधलं कापून टोकं जोडलीत तुम्ही." प्रामाणिकपणे सांगायचं तर काही पेशंट उठल्यावर "मस्त झोप झाली" म्हणतातही, त्यामुळे यावरून वेदान्ताचा निकाल लावू नका. सरांनीही लावला नाही. दहा मिनिटांनी त्यांनी स्वतःच दुरुस्ती सुचवली: "साक्षी नव्हता असं नाही म्हणता येणार. पण त्याची साक्ष लिहून घ्यायला कोणी नव्हतं."

लिहून घ्यायला मी होते, पण ते नंतर.

बाहेर त्यांच्या पत्नी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. आत आल्या त्या हेच म्हणत, "किती वेळ लागला हो!" आणि सर म्हणाले, "मला काय विचारतेस, मला तर आत्ताच आत नेलं."

आता हिशोब बघा. भिंतीवरच्या घड्याळात एकशे दहा मिनिटं. सरांच्या खात्यात शून्य. काकूंच्या खात्यात किती, ते त्यांनाच ठाऊक. यातलं खरं कोणतं, हाच तुमचा प्रश्न. मला वाटतं गोंधळ आपण एकच शब्द वापरतो म्हणून होतो, आणि गंमत म्हणजे मराठीत तो एक नाहीच. "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती" असं आपण सहज बोलून जातो. शिवाय वेळ दोन प्रकारचा: "माझा वेळ गेला" यातला पुल्लिंगी आणि "माझी वेळ आली" यातली स्त्रीलिंगी. काळ, तो वेळ, ती वेळ. तीन वेगळी माणसं आहेत ही, एका घरात राहतात म्हणून आपण त्यांना एक समजतो.

काळाबद्दल मी फार बोलणार नाही, तो भौतिकशास्त्रज्ञांचा प्रांत. वैशेषिकांनी, म्हणजे आपल्याकडच्या एका जुन्या दर्शनाच्या लोकांनी, जी नऊ द्रव्यं मोजली त्यात काळ वेगळा, मन वेगळं आणि आत्माही वेगळा धरलाय. म्हणजे काळ मनातून निघतो असं त्यांना वाटत नव्हतं. आइनस्टाइननंतर आपल्याला हेही माहीत आहे की काळ सगळीकडे एकाच गतीने चालत नाही. सिंहगडाचा माथा पुणे शहरापेक्षा साधारण ७५० मीटर उंच आहे. तिथे गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव किंचित कमी, म्हणून तिथलं घड्याळ स्वारगेटच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ७ नॅनोसेकंद पुढे जातं. गडावर पिठलं-भाकरी खात ऐंशी वर्षं काढलीत तरी फरक सेकंदाच्या पाचहजाराव्या भागाएवढा. हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल, पण तुमच्या फोनमधलं जीपीएस याच हिशोबावर चालतं: त्या उपग्रहांवरची घड्याळं दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात आणि ते दुरुस्त केलं नाही तर नकाशा तुम्हाला हिंजवडीऐवजी भलतीकडे नेईल. या घड्याळांना मन नाही, जाणीव नाही, तरी त्यांच्यात फरक पडतो. म्हणून "काळ हा मनाचा खेळ" हे मला पटत नाही. मात्र सगळ्या विश्वासाठी एकच सामायिक "आत्ता" असतो, हेही खरं नाही.

(जाता जाता: आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं, पुणं ७३.८५ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे पुण्याचा सूर्य घड्याळाच्या जवळजवळ ३५ मिनिटं मागे. दुकानं एक वाजता बंद होतात म्हणून आपल्याला हसतात, पण सूर्याच्या हिशोबाने तेव्हा सव्वाबारा-साडेबाराच झालेले असतात. याने आपली बाजू आणखी कमजोर होते, हे मला मान्य आहे.)

तो वेळ, म्हणजे पुल्लिंगी, हा मात्र पूर्णपणे जाणिवेचा. आणि तो किती बेभरवशाचा! १९६२ च्या १६ जुलैला मिशेल सिफ्र नावाचा २३ वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळ न घेता आल्प्समधल्या एका गुहेत उतरला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावलं तेव्हा त्याच्या वहीत २० ऑगस्ट होता. पंचवीस दिवस गायब. गुहेत तो मनात १ ते १२० मोजायचा, दर आकड्याला एक सेकंद धरून, आणि वर बसलेले सोबती घड्याळ लावून बघायचे. एकदा त्या दोन मिनिटांना पाच मिनिटं लागली.

आणि उलटंही होतं. अपघातात सगळं संथ झालं, असं लोक सांगतात. डेव्हिड ईगलमन या मेंदूशास्त्रज्ञाने लोकांना ३१ मीटर उंचीवरून जाळीत पडायला लावून हे तपासलं. मनगटावर झरझर बदलणारे आकडे होते. वेळ खरंच संथ झाला असता तर ते वाचता आले असते. आले नाहीत. पण नंतर विचारलं तर आपलं पडणं लोकांना दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी एक तृतीयांशाने जास्त लांब वाटत होतं. म्हणजे वेळ लांबला तो पडताना नाही, आठवताना. भीतीच्या क्षणी स्मृती दाट विणली जाते, आणि दाट वीण आपल्याला लांब वाटते.

यावरून मला नेहमी एक बाई आठवतात. गुडघ्याचं ऑपरेशन, कमरेतून भूल, आणि घाबरल्या होत्या म्हणून थोडं मिडॅझोलॅम दिलेलं. त्या औषधाने माणूस बोलतो, विचारलेल्याला उत्तरं देतो, फक्त लक्षात काही राहत नाही. त्यांनी मला गुळपोळीचं सारण कसं करायचं ते साग्रसंगीत सांगितलं. गूळ किती, तिळाचा कूट किती, बेसन कोणत्या रंगावर भाजायचं. संध्याकाळी राउंडला गेले तर ओळख नाही, पोळी नाही, काही नाही. ती पंधरा मिनिटं त्या जगल्या की नाही? जगल्या, समोर बघत होते मी. पण आज ती फक्त माझ्याकडे आहेत. संक्रांतीला मी त्यांच्याच प्रमाणाने सारण करते.

भूल दिल्यावर मेंदूत काय होतं, हे पुष्कळ शोधून झालंय. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक केलं, तेव्हापासून लोक याच प्रश्नामागे आहेत. पूर्ण भुलेतही मेंदू बंद नसतो. कानातून आलेला आवाज मेंदूच्या श्रवणकेंद्रापर्यंत पोचतोसुद्धा. तुम्ही ढोल-ताशा पथक बघितलंच असेल. भुलेत अख्खं पथक एकाच संथ ठेक्यात अडकतं आणि ताशाने दिलेला इशारा मागच्या रांगेपर्यंत जात नाही. ढोल वाजतायत, पण एकमेकांचं ऐकत नाहीत. आम्ही कपाळावर एक पट्टी लावतो, ती या लहरींवरून ० ते १०० मधला एक आकडा दाखवते; ऑपरेशनमध्ये तो ४० ते ६० च्या दरम्यान ठेवायचा. नवीन विद्यार्थ्यांना वाटतं तो आकडा म्हणजेच जाणीव. मी त्यांना सांगते, ताप मोजला म्हणजे तापलेल्या माणसाला कसं वाटतंय ते कळलं असं होत नाही.

तुमचे बसमधले तीन तास या पुल्लिंगी वेळात येतात. जाताना संपत नाहीत आणि दिवाळीत मागे वळून बघितलं तर हाताला काही लागत नाही, कारण रोज तोच वाकड पूल, रोज तीच वीण. माझी भूल निदान काही दुखू नये म्हणून असते.

राहिला उद्देश. इथे माझं मत स्पष्ट आहे आणि ते तुम्हाला आवडेलच असं नाही: "उद्देश" हा शब्द ऑपरेशनला शोभतो, जन्माला नाही. माझ्या आजीला कोणी जन्माचा उद्देश विचारला असता तर तिने विचारणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. ती म्हणायची "सार्थक झालं". नातवाचं बारसं झालं, सार्थक झालं. अडलेल्या शेजारणीचं बाळंतपण निभावलं, सार्थक झालं. उद्देश आधीपासून असतो, सार्थक मात्र होतं. ते आधी ठरवून ठेवता येत नाही आणि एकदाच होतं असंही नाही. हे त्या स्त्रीलिंगी वेळेचं खातं.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात गुरुजींनी घटिकापात्र ठेवलं होतं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. भरून बुडाली की एक घटका, चोवीस मिनिटं, दिवसाच्या साठ. आम्ही पोरं टक लावून बसलो होतो. वाटी भरत होती तो वेळ. बुडाली ती वेळ. पाणी तेच.

नुसता साठा वाढवून ती वेळ येत नाही, हे आळंदीच्या वाटेवर राहणाऱ्यांना सांगायला नको. चांगदेव चौदाशे वर्षं जगले अशी आख्यायिका आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि त्या पोराला मायना काय लिहावा हेच सुचेना, म्हणून कोरा कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या.

माझ्यापुरतं विचाराल तर भुलेच्या कागदावर मी दर पाच मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब लिहिते. सरांच्या एकशे दहा मिनिटांचे बावीस रकाने माझ्या अक्षरात भरलेले आहेत. जो वेळ त्यांच्या खात्यात कधीच जमा झाला नाही, तो कोणीतरी शेजारी बसून जपला. त्याला उच्च म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला त्या खुर्चीवरून उठून दुसरीकडे कुठे काही शोधावंसं वाटलेलं नाही.

हिंजवडीच्या रस्त्याचं काय करायचं ते मात्र मला विचारू नका. मी हॉस्पिटलला चालत जाते.