पळस, पांगारा की गिरिपुष्प? वसंतातल्या फुलांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा पंचवीस जणांचा गट मार्चच्या दुसऱ्या रविवारी कासला रानफुलं बघायला जाणार आहे. किती वाजता निघावं आणि किती तास धरावेत? (सातारा)

कासला जाऊ नका. म्हणजे फुलांच्या गालिच्यासाठी तरी नको. तिथला बहर पावसाचा. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा त्याचा काळ. मार्चमध्ये पठारावर तापलेला कातळ आणि वाळकं गवत एवढंच दिसेल. आपल्याकडे वसंत जमिनीवर येत नाही, झाडांवर येतो. त्यामुळे पठाराऐवजी त्याच्या कडेची झाडी आणि घाटाचे उतार धरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर, सोनसावर, धायटी आणि अंजनी. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि कुडा.

पंचवीस जण एकत्र नेऊ नका. पुढचा माणूस झाडाखाली उभा राहून बोलतो तेव्हा मागचे पंधरा जण गप्पा मारत असतात. बारा-तेराचे दोन गट करा आणि त्यांच्यात वीस मिनिटांचं अंतर ठेवा. प्रत्येक गटात पुढे झाडं ओळखणारा हवा आणि सगळ्यांत शेवटी एक जबाबदार माणूस हवा. साडेसहाला चालायला लागा, दहाला आटपा. तीन-साडेतीन तासांत दोन किलोमीटर झाले तरी पुष्कळ. त्याहून जास्त चाललात तर ती पदयात्रा झाली. माणशी दोन लिटर पाणी, गटात एक आठ पटीची दुर्बीण आणि एक दहा पटीचं भिंग ठेवा. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि चेहरा फुलाजवळ न्यायचा. बहुतेक जण ते वर्तमानपत्र वाचल्यासारखं लांब धरतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात.

प्रश्न : पळस, पांगारा आणि काटेसावर लांबून सारखेच तांबडे दिसतात. ‘पळसाला पाने तीनच’ ही खूण पुरेशी नाही का? (कराड)

नाही, कारण पांगाऱ्यालाही पानं तीनच! शिवाय बहरात तिन्ही झाडं बहुधा निष्पर्ण असतात, म्हणजे पानांची खूण ऐन वेळी हाताशी नसतेच. तेव्हा झाडाखाली पडलेलं फूल उचला. तोडायची गरज नाही.

फूल जड, मांसल, पाच जाड पाकळ्यांचं आणि आत पुंकेसरांचा झुबका असेल तर ती काटेसावर. पळसाच्या फुलाचं देठाकडचं टोक काळपट, मखमली असतं. पाकळ्या केशरी आणि त्यांतली एक जोडी मिळून पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. ती चोच नखाने उघडा. आत दहा पुंकेसर दिसतील, नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा. पांगाऱ्यात एकच पाकळी मोठी, लांबट आणि लालभडक असते. बाकीच्या इतक्या लहान की शोधाव्या लागतात. खोडाकडेही बघा : पांगारा आणि काटेसावर काटेरी, पळस बिनकाट्याचा.

चौथं एक झाड हमखास फसवतं. रस्त्याकडेला, बांधावर निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी फुलांचे घोस दिसले की लोक ते रानफूल म्हणून वहीत लिहितात. ते गिरिपुष्प, मूळचं मध्य अमेरिका आणि मेक्सिकोचं, हिरवळीच्या खतासाठी इथे लावलेलं. गुलमोहर मादागास्करचा, घाणेरीही अमेरिकेची. नोंदवहीत ‘देशी’ आणि ‘आणलेलं’ असे दोन रकाने आधीच आखून घ्या, म्हणजे वाद कमी होतात.

प्रश्न : महाबळेश्वरच्या वाटेवर ‘अंजन’ म्हणून निळ्या फुलांचं झाड दाखवलं. मराठवाड्यातल्या नातेवाइकांनी पाठवलेला ‘अंजन’ अगदी वेगळा आहे. चूक कोणाची? (वाई)

कोणाचीच नाही. एका नावाची दोन झाडं आहेत. घाटमाथ्यावरची अंजन किंवा अंजनी म्हणजे मेमेसायलॉन अंबेलाटम. कोरड्या मुलखातला अंजन म्हणजे हार्डविकिया बायनाटा. त्याचं पान दोन पर्णिकांचं, फुलं बारीक, हिरवट-पिवळी.

अंजनी मात्र जवळून बघण्याची चीज आहे. फुलं फांदीच्या टोकाला नसतात. जुन्या, पानं गळलेल्या काडीलाच चिकटून निळे गुच्छ येतात, जणू लाकडालाच फुटलेत. एक फूल चार-पाच मिलिमीटरचं, पाकळ्या चार, पुंकेसर आठ. पानं समोरासमोर, जाड आणि चामड्यासारखी. म्हणूनच वहीत मराठी नावाशेजारी शास्त्रीय नाव लिहा, आणि ते नाव तुम्हाला सांगणाऱ्याचं गावही लिहा. गावागणिक नाव बदलतं.

प्रश्न : ओळख सांगणारं ॲप कुड्याला कधी जाई, कधी आणखी काही म्हणतं. फोटो कसा काढावा? (मिरज)

उन्हात काढलेला पांढऱ्या फुलाचा फोटो जळतो. पाकळ्या एक पांढरा ठिपका होतात आणि नेमकी खूण पुसली जाते. काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी बारीक झालर असते. पांढऱ्या कुड्याचा गळा मोकळा असतो. फोटोत झालर गेली की ॲपही गेलं आणि तज्ज्ञही. छत्रीची किंवा अंगाची सावली फुलावर धरा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात फोटोचा उजेड (एक्स्पोजर) थोडा कमी करा.

शिवाय एका फोटोने भागत नाही. पूर्ण झाड, पान फांदीला कसं जोडलंय ते, पानाची पाठ, फूल समोरून आणि बाजूने, साल, आणि असली तर शेंग. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा. कुड्यांत शेंगच निकाल देते. पांढऱ्या कुड्याच्या शेंगांची जोडी सुटी लोंबते, काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात. पान किंवा फांदी तोडून बघू नका. दोघांनाही पांढरा चीक असतो. चुकून हाताला लागलाच तर डोळे चोळू नका.

प्रश्न : घाट लांब पडतो. सांगलीजवळ काही आहे का? (सांगली)

सागरेश्वर अभयारण्य आणि मिरज तालुक्यातला दंडोबाचा डोंगर. दोन्हीकडे कोरड्या पानगळीची झाडी आहे. सागरेश्वरला प्रवेशाची वेळ आणि शुल्क वनखात्याकडे आधी विचारा.

प्रश्न : आमच्या गटात लहान मुलं आहेत. उन्हाळ्यात कशाला जपावं? आमरी (ऑर्किड) सापडली तर घरी लावता येईल का? (पाटण)

पहिली आग्या मधमाशी. कड्याखाली, उंच झाडावर मोठं मोहोळ लोंबत असेल तर तिथे थांबू नका. अत्तर नको, आरडाओरडा नको, विडी-सिगारेट तर मुळीच नको. वणव्याचा धोका वेगळाच. दुसरी खाजकुयली. तिच्या वाळलेल्या, सोनेरी लवीच्या शेंगा मुलांना हमखास आवडतात. लव अंगाला लागली तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून उचलून काढायची, मग साबणाने धुवायचं. चोळलं की ती आत शिरते आणि पसरते.

आमरी घरी आणू नका. आपल्याकडे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निष्पर्ण कांड्यांवर पांढरी फुलं धरणारी डेंड्रोबियम ही आमरी झाडाच्या सालीवर, बुरशीच्या आधाराने वाढते. कुंडीतल्या मातीत तिची मुळं कुजतात. कोयना आणि चांदोलीच्या संरक्षित भागातून काहीही आणणं गुन्हाही आहे. फोटो काढा, ती कोणत्या झाडावर होती ते लिहा, आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकताना जागा फक्त तालुक्यापुरती सांगा. नेमकं ठिकाण कळलं की पुढच्या रविवारी ती जागेवर नसते.