“आमच्या हय तसला काय नसता”

हा प्रश्न मला महिन्यातनं दोनतीनदा तरी येतोच, आमच्या भागात एचआयव्हीचं प्रमाण कमी आहे मग टेस्ट कशाला? म्हणून एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

जुलै महिना, मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या. मालवणकडचा एक खलाशी, २७ वर्षांचा, दिवाळीनंतर लग्न ठरलेलं. बोटांवर जाळी सांधून सांधून पडलेले घट्टे. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला, “मॅडम, हो नकाशो बघा. मिझोरम लाल भडक, महाराष्ट्र फिको. आमच्या हय तसला काय नसता, मगे टेस्ट कित्याक?” आणि अंगठ्याने झूम करत मालवण शोधायला लागला, पण तो नकाशा राज्यापाशीच थांबत होता.

नकाशा खोटा नव्हता हो. २०२१ च्या अंदाजात मिझोरममध्ये प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण २.७ टक्क्यांच्या आसपास, देशाचं ०.२ च्या आसपास आणि महाराष्ट्र अर्ध्या टक्क्याच्या खाली. मिझोरममध्ये नशेच्या सुया एकमेकांच्या वापरणं आणि कंडोमशिवाय संबंध, दोन्ही वाटांनी ते पसरलं. पण एचआयव्हीसोबत जगणारी माणसं मोजली तर सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, साडेतीन लाखांच्या वर, कारण मिझोरम म्हणजे जेमतेम बारा लाख वस्ती. टक्का आणि डोकी यात लोक नेहमी गोंधळतात. आणि हे अंदाज बांधताना मोठा आधार असतो तो गरोदर बायकांच्या तपासण्यांचा, त्यात बोटीवरचा खलाशी कुठून दिसणार?

मी विचारलं, सीझनला बोट कुठे कुठे लागली? मग हळूहळू बाहेर आलं. मार्चमध्ये इंजिन बिघडलं, परराज्यातल्या एका बंदरात आठ दिवस अडकले, तिथे एकदा संबंध आला, कंडोम नव्हता. म्हणजे नकाशात बघायचंच असेल तर ते बंदर बघ ना बाबा, स्वतःचं गाव कशाला! नंतर काही त्रास? “नाय.” मग थोड्या वेळाने, “एक बारीक जखम झालेली, दुखूक नाय, आपसूक बरी झाली.”

इथे माझे कान टवकारले. न दुखणारी, आपोआप भरून येणारी जखम म्हणजे सिफिलिसची, संबंधातून लागणाऱ्या एका आजाराची, शंका घ्यायचीच. जखम जाते, जंतू अंगात राहतात. त्याच्या नकाशात तर सिफिलिस नव्हताच, तो फक्त एचआयव्हीचा होता.

खरं भ्यायला होतं ते गावाला. “रिपोर्ट गावात पोचलो तर सोयरीक मोडात.” मी सांगितलं की २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीची टेस्ट तुझ्या संमतीशिवाय होत नाही आणि रिझल्ट असा कुणाला सांगता येत नाही, सिफिलिसचंही आम्ही बाहेर बोलत नाही. मग तयार झाला. एचआयव्ही निगेटिव्ह, आणि चार महिने उलटून गेलेले म्हणून त्या प्रसंगापुरता तो भरवशाचा. आरपीआर, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, मात्र पॉझिटिव्ह, दुसऱ्या टेस्टनेही पक्कं झालं. डॉक्टरांनी बेन्झाथिन पेनिसिलिन दिलं, २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं. चालताना म्हणतो कसा, जखमेपेक्षा ह्याच जास्त दुखता.

जाताना दारात थांबला. “तिका सांगूचा काय?” मी म्हटलं, ठरवायचं तू, पण दोघांनी लग्नाआधी टेस्ट करून घ्या, आणि तिने कारण विचारलं तर खोटं बोलू नको.

ऑक्टोबरमध्ये परत बोलावलेलं, फोन लावला तर रेंजच्या बाहेर, बोटीवर. म्हटलं गेला हा. आठवड्याने आला, टायटर, म्हणजे आरपीआरचा आकडा, १:३२ वरून १:४ वर उतरलेलं, औषध लागू पडलेलं, हातात बांगड्यांची पिशवी. घेता येत नाही म्हटलं तर सिस्टरच्या टेबलाखाली ठेवून पळाला. सोबत ती पण होती, बाहेरच्या बाकावर, टेस्टचा कागद हातात घेऊन.