लोडर घ्या, पण दुसरा ट्रॅक्टर नको

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार भाऊंचं पत्र आलंय, सोबत खर्चाच्या वहीचे फोटो. सात एकर शेती, त्यात चार एकर द्राक्ष, बाकी कांदा आणि टोमॅटो. ११ वर्षांचा २४ एचपीचा टू-व्हील (इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना देणारा) ट्रॅक्टर ब्लोअर, म्हणजे औषध फवारणीचं यंत्र, ओढतो. आता त्यांना २७ एचपीचा फोर-व्हील (चारही चाकांना जोर देणारा) छोटा ट्रॅक्टर आणि त्यावर पुढचा लोडर, म्हणजे माल उचलणारं बकेट, घ्यायचाय. ट्रॅक्टर ६.४ लाख, लोडर १.६ लाख, एकूण ८ लाख. ५ लाखांची एफडी आहे, त्यातली अर्धी मोडून २.५ लाख भरायचे आणि ५.५ लाख कर्ज काढायचं. जुना ट्रॅक्टर ब्लोअरसाठी ठेवायचा. कारण त्यांच्याच शब्दांत: "छाटणीच्या तोंडावर जेसीबीवाला फोन उचलत नाही आणि शेणखत भरायला माणूस मिळत नाही."

नमस्कार भाऊ. कारण शंभर टक्के खरं आहे, त्यावर वाद नाही. वही ठेवलीत हे तर फारच छान, कारण उत्तर त्या वहीतच आहे.

तुमच्या नोंदीप्रमाणे गेल्या वर्षी जेसीबी ३८ तास चालला, १,३०० रुपये तासाने ४९,४०० रुपये. शेणखत भरण्या-पसरवण्याची मजुरी २२,००० रुपये. म्हणजे जड कामाचा वर्षाचा खर्च ७१,४०० रुपये. आता ३८ तासांची फोड बघा. १६ तास शेततळ्यातला गाळ आणि पाण्याचा चर. ८ तास जुन्या बागेची खोडं उपटणं आणि बांधाचे दगड हलवणं. राहिलेले १४ तास मुरूम पसरवणं आणि ट्रॉल्या भरणं. छोट्या ट्रॅक्टरचा लोडर यातलं फक्त शेवटचं काम करू शकतो. तो खणत नाही, आधीच मोकळा केलेला माल उचलतो. चर आणि खोडं जेसीबीकडेच राहणार, म्हणजे २४ तासांचे ३१,२०० रुपये दरवर्षी द्यायचे आहेतच.

अंदाज यावा म्हणून मुरुमाचं उदाहरण घेऊ. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजनात साधारण साडेचार टन. जेसीबीचं पुढचं बकेट घनमीटरभराचं असतं, तीन खेपांत ब्रास संपतो. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात लोडरची क्षमता ३५० किलो लिहिलीय. ती सगळी वापरायची नसते, ३०० धरा. एका ब्रासला १५ खेपा. पुढे जा, भर, मागे ये, वळ, ओत, परत पुढे. क्लच आणि गिअरचं जे काही व्हायचं ते या १५ खेपांत होतं. शेणखत हलकं, तिथे हाच लोडर सुरेख चालतो. म्हणून सांगतो, हे शेणखताचं आणि किरकोळ मुरुमाचं यंत्र आहे.

तर वाचणार काय? १४ तासांचे १८,२०० आणि मजुरीचे २२,०००. एकूण ४०,२०० रुपये.

आता दुसरी बाजू. ८ लाखांची ही जोडी आठ वर्षांनी ३ लाखांना जाईल असं तुम्हीच लिहिलंय, मी तेच धरतो. वर्षाची घट ६२,५००. ५.५ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी, पाच वर्षं, सहामाही हप्ता साधारण ७३,०००. एकूण व्याज १.८ लाख, आठ वर्षांत वाटलं तर वर्षाला २२,५००. मोडलेल्या एफडीचं बुडणारं व्याज १७,०००. विमा १२,००० आणि देखभाल ३५,००० धरू. बेरीज १,४९,०००, तेही डिझेल सोडून. ४० हजार वाचवायला दीड लाख. ही रक्कम कुठून आली ते बघितलंत तर लक्षात येईल की खड्डा लोडरचा नाही. खड्डा दुसऱ्या ट्रॅक्टरचा आहे, जो वर्षातले बरेच दिवस शेडमध्ये उभा राहणार.

लोडर गावात भाड्याने देऊन ६० हजार मिळतील असं तुम्ही धरलंय: ६०० रुपये तास, १०० तास. डिझेल गेलं की ३७,५०० उरतात. ते आणि घरची बचत मिळूनही खर्चाच्या निम्म्यावरच गाडी अडते. शिवाय गावातल्या सगळ्यांना शेणखत त्याच पंधरवड्यात भरायचंय ज्या पंधरवड्यात तुम्हाला भरायचंय. आणि शेजारच्या आबांकडे पैसे मागायला तुम्ही कितीदा जाल हे तुम्हालाच ठाऊक. बाकी तीन गोष्टी पटकन सांगतो. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून सुटतं, पण भाड्याचं उत्पन्न हे धंद्याचं उत्पन्न, ते विवरणपत्रात दाखवावं लागतं. शेतीकामासाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. आणि कुणाचा विनापरवाना मुरूम तुमच्या लोडरने भरला गेला तर तहसीलदार यंत्र जप्त करतात, दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो. भाड्याचा रकाना खोडून टाका.

मग जुन्याच ट्रॅक्टरला लोडर बसवला तर? तुमच्या धाकट्या भावाची ही सूचना आहे आणि ती सगळ्यात धोकादायक आहे. टू-व्हील ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. पुढे भरलेलं बकेट लटकलं की मागची चाकं हलकी होतात, उतारावर ब्रेक दाबून उपयोग होत नाही. पुढचा एक्सलही त्या वजनासाठी बनलेला नसतो.

ओझरकडच्या एका बागायतदारांकडे मी हिशेब बघायला गेलो होतो. त्यांनी गावातल्या एका वर्कशॉपमध्ये लोडर बनवून घेतला होता, तोही फोर-व्हीलवर. शेडमध्ये चहा पिताना त्यांनी बकेटची काढलेली पिन माझ्या हातात दिली. अंगठ्याएवढी जाड लोखंडी पिन, एका बाजूने चघळलेल्या उसासारखी खाल्लेली. दोन हंगाम ग्रीसच केलं नव्हतं, कारण निपल अशा जागी होतं की ग्रीसगनचं तोंड पोचत नव्हतं. पिन काही शे रुपयांची. पण तिच्यामुळे भोक अंडाकृती झालं, आर्म वाकडा झाला, आणि पूर्ण आर्म उतरवून नवे बुश बसवावे लागले. बिल बघून मला माझ्या देखभालीच्या आकड्याची लाज वाटली.

ही देखभाल समजून घ्या, कारण कोटेशनमध्ये ती नसते. लोडरच्या प्रत्येक पिनेला दर आठ-दहा तासांच्या कामानंतर ग्रीस लागतं. नवा बसवल्यावर पहिल्या दहा तासांनी फ्रेमचे सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिकचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं. पाइप जोडताना कपलरवरची माती पुसली नाही तर ती माती थेट गिअरपर्यंत जाते. पाइप गळतोय असं वाटलं तर बोट लावून बघू नका, पुठ्ठा धरून बघा, दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. मागे वजन नसताना लोडर चालवू नका, रोटाव्हेटर जोडलेला असला तरी चालेल. पुढचे टायर, किंगपिन आणि एक्सलचे सील तर झिजणारच आहेत.

आता मी काय करीन ते सांगतो. जुन्या ट्रॅक्टरचा क्लच तुम्ही गेल्याच वर्षी बदललाय. तो अजून दोन हंगाम सहज ओढेल. त्यानंतर तो एक्सचेंजमध्ये द्या आणि एकच फोर-व्हील ट्रॅक्टर घ्या, ब्लोअरलाही तोच आणि लोडरलाही तोच. नवा ट्रॅक्टर तेव्हा फवारणीसाठी लागणारच होता, त्यामुळे लोडरच्या खात्यावर फक्त लोडर पडतो. १.६ लाखांचा लोडर आठ वर्षांनी ४० हजारांना गेला तर घट वर्षाला १५,०००. गुंतलेल्या पैशाचं व्याज १०,०००, लोडरची देखभाल १२,०००, वर्षाला ६० तासांचं डिझेल १४,०००. एकूण ५१,०००. वाचतात ४०,२००. म्हणजे तेव्हाही वर्षाला दहा-अकरा हजार तुमच्या खिशातूनच जाणार. पण छाटणीआधी कुणाच्या फोनची वाट बघायची नाही, या सोयीची ती किंमत आहे, आणि मला ती पटते. दीड लाख पटत नाही.

एक गैरसोय मात्र राहील. लोडर पुढे लटकवून ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळत नाही. फवारणीच्या दिवसांत तो काढून ठेवावा लागणार. म्हणून घेताना एकट्या माणसाने काढता-घालता येतो का ते शोरूममध्ये नाही, कुणाच्या तरी शेतावर, स्वतः करून बघा.

घ्याल तेव्हाच्या गोष्टी: २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, कोटेशनवर तोच दिसला पाहिजे. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदानाचा अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका, आधी घेतलेल्या यंत्राचं अनुदान मिळत नाही. लोडरची तुम्हाला मिळालेली कच्ची पावती मला अजिबात आवडलेली नाही. पक्कं बिल नसेल तर बँक त्यावर कर्ज देणार नाही आणि विम्यात तो जोड म्हणून लिहिता येणार नाही. चॅसिसवर वेल्डिंग करून बसवला तर ट्रॅक्टरची वॉरंटी काय होते, ते डीलरकडून लेखी घ्या. तोंडी "काही होत नाही साहेब" याला अर्थ नाही.

हप्त्याबद्दल. मार्चचा हप्ता द्राक्षाच्या पैशातून निघेल. सप्टेंबरचा तुम्हाला रडवेल, कारण तेव्हाच छाटणी, पेस्ट (छाटणीनंतर डोळ्यांना लावायची) आणि औषधांचा खर्च सुरू होतो आणि खिसा रिकामा असतो. बँकेकडे वार्षिक हप्ता मागा. नाही दिला तर मार्चमध्येच सप्टेंबरचा हप्ता सहा महिन्यांच्या ठेवीत टाका.

आणि पत्राच्या दुसऱ्या पानावर, कडेला, पेन्सिलीने लिहिलंय ते: "नाहीतर पीककर्जातून." ते खोडा. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे बिनव्याजी पडतं. ते पैसे लोखंडात अडकले आणि तुमच्या व्यापाऱ्याने यंदाही १.३ लाख अडकवून ठेवले, तर मुदत चुकेल आणि सवलत जाईल. एफडीलाही हात लावू नका. मुलगी आत्ता दहावीत आहे. पुढे प्रवेशाची फी भरायची वेळ येईल तेव्हा बँक ट्रॅक्टरवर कर्ज देईल तितक्या पटकन फीवर देणार नाही.

या हंगामापुरती एक युक्ती. शेणखतवाला सध्या डांबरी रस्त्यालगत एकच ढीग टाकून जातो, आणि तिथून ओळींपर्यंत नेण्यातच तुमची बरीचशी मजुरी जाते. हायड्रॉलिक ट्रॉलीवाला बघा, खेपेला दोनशे रुपये जास्त घेतले तरी द्या, आणि दर चार ओळींच्या टोकाला छोटा ढीग उतरवून घ्या. पाऊस उघडला आणि काळी जमीन चाकं धरण्याइतकी वाळली की लगेच, सगळे जागे व्हायच्या आत.