खणाचं जॅकेट आणि ४ फूट १० इंच

‘ताई, माझी उंची ४ फूट १० इंच. ऑफिसात एसी इतका की कुडकुडायला होतं, पण कुर्तीवर काहीही चढवलं की मी अजूनच बुटकी दिसते. परवा नणंदेच्या साखरपुड्याला हौसेने खणाचं जॅकेट घातलं तर सासूबाईंच्या मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, अगं हिला कोणीतरी जॅकेटमधून बाहेर काढा. सगळे हसले, हेसुद्धा हसले. लेयरिंग काय फक्त उंच बायकांनीच करायचं का? फोटो पाठवतेय. – बुटबैंगण, नाशिक’

अगं, आधी ते नाव बदल बाई. मी स्वतः ४ फूट ११, म्हणजे तुझ्यापेक्षा चांगली एक इंच उंच, तेव्हा हक्काने बोलणार.

फोटो झूम करून करून बघितला. जॅकेट सुरेख आहे, मरून खण, खाली हिरवा काठ, पण घोळ सगळा त्या काठात आहे बघ. तो बरोब्बर तुझ्या मांडीच्या वरच्या, सगळ्यात रुंद भागावर आडवा येतोय, त्याखाली क्रीम कुर्ता गुडघ्यापर्यंत आणि त्याखाली मेंदी रंगाची पलाझो. म्हणजे आधीच उंची कमी आणि त्यात तुझे तीन तुकडे. वरून खांद्याची शिवण दंडावर ओघळलीये आणि बाह्यांमधून फक्त बोटं दिसतायत. हे कुणालाही वाईटच दिसेल गं, पण उंच बाईला खपून जातं, आपल्याला नाही.

आता काय करायचं ते सांगते. जॅकेट टेलरकडे ने आणि बाह्या काढून टाकायला सांग. एरवी खांदा मोठा असलेलं काही घेऊच नये, कारण लांबी, कंबर, बाही सगळं आत घेता येतं पण खांदा उतरवायचा म्हणजे बाही उसवा, मुंढा परत कापा, परत जोडा, आणि टेलरही कुरकुरतो. पण बिनबाह्यांचं करायचं तर खांदा आत कापून मुंढ्याला पायपिंग लावलं की झालं. मग लांबी कमरेपर्यंत आण आणि निघालेला हिरवा काठ खाली परत न लावता पुढच्या दोन्ही कडांना उभा लाव. आडवा काठ कापतो, उभा काठ लांबवतो, एवढंच आहे ते. आणि आतला कुर्ता-पलाझो एकाच रंगाचा घे, मरूनवर क्रीम-क्रीम काय छान दिसेल.

लांब श्रग घालायचा असेल तर तो पातळ, अंगासरशी आणि पुढून उघडा हवा, आणि गुडघ्याखाली जायला हवा. कंबर नाहीतर गुडघ्याखाली, मधे कुठे थांबवायचं नाही. आतल्या कुर्त्याची आणि श्रगची कड एकाच जागी आली की तिथे जाड पट्टा दिसतो, तेही टाळ. आणि फार खालीही नको हं, मी एकदा तुळशीबागेतून घोट्यापर्यंतचा श्रग आणला होता, लेक म्हणाली आई तू बाथरोब घालून कुठे निघालीस.

ऑफिससाठी जाड स्वेटर घालूच नकोस, ऊब आतून घे. कुर्तीच्या आत पातळ थर्मल, गळा मोठा असलेलं म्हणजे डोकावत नाही, आणि वर कमरेपर्यंतचं अंगाला बसणारं कार्डिगन, बाह्या मनगटाचं हाड दिसेल इतक्या दुमडून. स्टोल गळ्याभोवती तीन वेढे मारून गुंडाळलास की मान गायब होते आणि डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं दिसतं, त्यापेक्षा दोन्ही टोकं पुढे सोड. डिसेंबरातल्या लग्नाला साडीवर स्वेटर घालणाऱ्यांना मी काही बोलत नाही, थंडी सगळ्यांनाच असते, पण मखमली फुल स्लीव्ह ब्लाउज आणि एका खांद्यावर बारीक घडी करून शाल, याने तेच काम होतं.

आणि हो, बाहेरच्या देशांत ५ फूट ४ इंचाच्या आतल्या बायकांना पेटीट म्हणून वेगळी मापं मिळतात. आपल्याकडे बायकांची सरासरीच पाच फुटांच्या आसपास, तरी कितीतरी ब्रँड्स यूके-यूएसच्या चार्टवरच कपडे शिवायचे, म्हणून तर निफ्टने, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने, इंडियासाईज नावाने आपल्या लोकांची मापं घ्यायचं काम हाती घेतलं. तेव्हा ट्रायल रूममध्ये स्वतःला कोसत बसू नकोस.

मावशींचं सोड, जॅकेट नसतं तर त्यांनी तुझ्या टिकलीवर काहीतरी काढलं असतं. पण हे हसले, ते पत्रात खाली परत एकदा लिहिलंयस ना (मी इथे छापलं नाही), म्हणजे खरं लागलंय ते तिथे. मग ते त्यांनाच सांग की. पाहुण्यांसमोर नको, टोमणा मारूनही नको, रात्री जेवणं आटपल्यावर सरळ सांग की तुम्ही हसलात ते मला लागलं. बऱ्याच नवऱ्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि कळूनही हसले तर मला परत लिही, मग जॅकेट बाजूला ठेवून बोलू.

टेलरकडे जाशील तेव्हा कापलेल्या बाह्या आणि खालचं कापड मागून घे हं, त्यात एक छानसा बटवा होतो, आधी सांगून ठेवलं नाहीस तर तुकडे त्याच्याकडेच राहतात.